भिंत केवढी आहे, भाऊ?

टीव्हीच्या दुकानात पाऊल टाकणाऱ्या माणसाला ‘बजेट किती?’ असं तोंडावर विचारणाऱ्या सेल्समनला मी माणसात धरत नव्हतो. मी स्वतः हा प्रश्न उभ्या नोकरीत कुणाला विचारला नाही, आणि या गोष्टीचा मला इतका अभिमान होता की लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही मी ती ऐकवायचो. आता ऐकवत नाही. का, ते सांगतोच. पण आधी जरा दुकान बघून घ्या. पडदा वर गेला की आधी नेपथ्य दिसतं, नटाची फजिती नंतर.

आमचं दुकान पांढुर्ण्याच्या बाजारात. मागच्या भिंतीवर ओळीनं टीव्ही टांगलेले, सगळ्यांवर एकच चॅनेल. एक हिरॉइन रडायला लागली की भिंतभर हिरॉइनी रडतात. गादीवर शेठ बसतात आणि काउंटरपुढे मी उभा असतो. डब्यासारखं पोट असलेले टीव्ही होते तेव्हापासून उभा आहे. त्या टीव्हींचं पोट गेलं, माझं आलं. लहानपणी गणपतीतल्या नाटकात मला राजाचं काम कधी मिळालं नाही, कारण उंची. दरवर्षी द्वारपाल. तो राहून गेलेला राजा मी काउंटरवर उभा करतो. रिमोट हातात घेतो, दोन पावलं मागं सरतो, आवाज खाली आणतो आणि म्हणतो, ‘आता बघा.’ गिऱ्हाईक बघतं. टीव्हीकडे कमी, माझ्याकडे जास्त.

तर प्रश्नाचं असं. आमच्या भागातला माणूस स्वतःच्या खिशाबद्दल खोटं बोलत नाही आणि खरंही बोलत नाही. तो ‘पाहू’ म्हणतो. त्याला आकडा विचारला की तो आधी स्वतःच्या चपलेकडे बघतो, मग बायकोकडे, आणि लाजेखातर खिशापेक्षा मोठा आकडा सांगून बसतो. पुढे वर्षभर घरात त्या आकड्यावरून भांडण. नाहीतर ‘येतो’ म्हणून जातो तो येतच नाही. ‘स्वस्त’ हा शब्द तर मी दुकानात येऊच दिला नाही. स्वस्त टीव्ही कुणालाच नको असतो, सगळ्यांना चांगला टीव्ही स्वस्तात हवा असतो. म्हणून मी एक युक्ती काढली. गिऱ्हाईक आलं, पाणी प्यालं, की मी हळूच विचारायचो, ‘भिंत केवढी आहे?’

बस. खिशाचं नाव नाही, पैशाचं नाव नाही. समोरचा म्हणतो, ‘भिंत लहानच हाये भाऊ’, की मी समजतो आणि त्याला खालच्या ओळीकडे नेतो. ‘भिंत मोकळी हाये’ म्हणजे वरची ओळ. ‘भिंत पाहून सांगतो’ म्हणजे हा आता नागपूरला जाऊन भाव विचारणार आणि चार दिवसांनी तोंड पाडून परत येणार. भिंत मध्ये उभी केल्यामुळे दोघांचीही अब्रू झाकली जाते, अशी माझी समजूत होती. वैद्य नाडी बघतो तशी मी भिंत बघायचो.

धंदा म्हणाल तर फार अवघड नाही. दुकानातला टीव्ही नाटकातल्या नटासारखा रंग फासून उभा असतो. उजेड, रंग सगळं टोकाला नेऊन ठेवलेलं. घरी नेल्यावर तोंड धुतलं की खरा चेहरा कळतो. म्हणून घेण्याआधी साध्या रंगात लावायला सांगावा. सिनेमातलं गाणं बघू नये, बातम्या बघाव्या. खालून पळणारी अक्षरं नीट वाचता आली की पडदा बरा. पूर्ण पांढरं चित्र लावून कोपऱ्यात सावल्या आहेत का तेही बघावं. पातळ टीव्हीचा आवाज बहुतेक पाठीमागून निघतो, तो भिंतीला चिकटवला की भिंतीलाच ऐकू येतो. थोडी फट ठेवावी. बिघडल्यावर दुरुस्तीवाला कुठून येणार ते विचारावं, आणि तो नागपूरहून येणार असेल तर त्याच्या भाषेत ‘उद्या’ म्हणजे कधी, हेही विचारून घ्यावं.

आणि खरा सौदा सणात नसतो, सण उलटल्यावर असतो. तेव्हा गोदामात काही डबाफाटके उरतात. डबाफाटका म्हणजे आत टीव्ही ठणठणीत, पण ट्रकमध्ये खोका फाटलेला. कमी पैशात याच्याइतका चांगला सौदा दुसरा नाही. तरी तो खपवताना माझ्या तोंडाला फेस येतो, कारण आमच्याकडे टीव्ही दोनदा बघतात. आधी खोक्यात, मग भिंतीवर. ऑटोतून खोका जाताना गल्लीनं बघायला हवा. पुढे तोच खोका वर्षानुवर्षं कपाटावर बसतो, घरातल्या वडीलधाऱ्यासारखा. फाटका खोका म्हणजे फाटक्या सदऱ्यात वरात.

मापाचा घोळ तर विचारू नका. सौंसरकडचे एक संत्र्याच्या बगीच्याचे मालक, बहार चांगला उतरला म्हणून खूश होऊन बत्तीस इंची घेऊन गेले. नेण्याआधीच घरी गवंडी लावून त्यांनी भिंतीत टाइल्स बसवलेला कोनाडा करून घेतला होता, नेमका बत्तीस इंच रुंद. टीव्ही आत ठेवला तर दोन्ही बाजूंनी फट. दुसऱ्या दिवशी दुकानात आले आणि शेठकडे न बघता सरळ मला म्हणाले, ‘दिवाकरभाऊ, चार इंच कुठं गेले?’

मी समजावलं. टीव्हीचं माप तिरपं असतं, वरच्या कोपऱ्यापासून समोरच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत. रुमाल काढून तिरपा धरून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मंग मी वावर तिरपं मोजून इकू काय?’

शेवटी त्यांनी एका फटीत आजोबांचा लहानसा फोटो बसवला आणि दुसऱ्या फटीत आजीचा. जिवंतपणी दोघांचं पटत नव्हतं म्हणे. आता मधे टीव्ही आहे.

बोरगावचा एक गडी बोलका रिमोट घेऊन गेला आणि आठवड्यानं परत घेऊन आला. त्यात बोललं की टीव्ही ऐकतो, असं मीच अभिनयासह दाखवलं होतं. तो म्हणाला की रिमोट तोंडाशी धरून किती वेळा सांगितलं, ‘बातम्या लाव न बे’, पण टीव्ही ऐकत नाही. मी बघितलं तर टीव्ही ‘बे’ नावाचं काहीतरी शोधत होता. गड्यानं रिमोट काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, ‘हा पुण्याचा दिसते भाऊ. आपल्याले ओळख देऊन नाई राह्यला.’

अशा गोष्टी माझ्याकडे पोतंभर आहेत आणि त्या सांगताना मला फार गोड वाटतं. आता जी सांगणार आहे ती सांगताना वाटत नाही. पण ती मी नाही सांगितली तरी सावरगावात कुणीही सांगेल, आणि माझ्यापेक्षा चांगली सांगेल.

गेल्या वर्षी दिवाळी उलटल्यावर एका दुपारी दुकानात वर्षाताई आल्या. सावरगावच्या, तिथं अंगणवाडीत सहायिका आहेत. ‘जयभीम भाऊ’ म्हणाल्या, पाणी प्यायल्या आणि टीव्ही का हवा ते त्यांनी आपणहून सांगितलं. त्यांच्या सासूबाई, यशोदाबाई, रोज संध्याकाळी शेजारच्या विमलकाकूंकडे एक मालिका बघायला जायच्या. दाराशी बसून बघायच्या आणि मालिका संपली की उठून यायच्या. एक दिवस मालिका ऐन रंगात असताना विमलकाकूंनी टीव्ही बंद केला आणि म्हणाल्या, ‘आमच्याकडे पाहुणे आले, तुमी आता उद्या या.’ म्हातारी उठून घरी आली. त्यानंतर गेली नाही. सुनेनं विचारलं तर म्हणाली, डोळे दुखतात, टीव्ही सोसत नाही. आणि मग लेकीकडे बोरगावला निघून गेली.

‘डोळे काई दुखत नाई भाऊ त्यायचे,’ वर्षाताई म्हणाल्या. ‘सुईत दोरा ओवते. त्या रविवारी येऊन राह्यल्या. त्यायच्या आधी भिंतीवर लागला पायजे. अन् विमलकाकूनं त्याच्यावरून काई बोललं नाई पायजे. बस, एवढंच.’

एवढंच होतं. टीव्ही हे निमित्त. म्हातारीनं घरात पाऊल टाकल्यावर शेजारणीच्या तोंडून एक शब्द निघू नये, हे काम त्या माझ्याकडे घेऊन आल्या होत्या. मी छातीवर हात ठेवला. आवाज खाली आणला. आणि विचारलं, ‘भिंत केवढी आहे, ताई?’

त्या म्हणाल्या, ‘भिंत तं मोठी हाये भाऊ. पन मधात बुद्धाचा फोटो हाये, तो हलवाचा नाई. त्याच्या उजव्या बाजूले जागा हाये, ती एवढी.’ आणि पिशवीतून सुतळीचा तुकडा काढून त्यांनी दोन्ही हातांत ताणून धरला.

मी सुतळीकडे बघितलंही नाही. मी माणसाकडे बघतो, असं माझं पंगतीतलं वाक्य होतं. माझ्या डोक्यात नाडी वाजायला लागली होती. भिंत मोठी, पण जागा लहान. म्हणजे हौस मोठी आणि खिसा लहान. आणि तो झाकायला बाईंनी काय सुरेख आडोसा शोधला, थेट बुद्धाचा! माझे डोळे भरून आले. मला दया आली की माझे डोळे लवकर भरून येतात आणि ते भरलेले मला आवडतातही.

वर्षाताई मधल्या ओळीतल्या एका बत्तीस इंचीकडे बोट दाखवून म्हणाल्या, ‘हा पाहू द्या न भाऊ.’ चांगल्या कंपनीचा होता. मी त्यांना तिथून अलगद बाजूला घेतलं. त्यात काही नाही ताई, नावाचे पैसे आहेत. त्या पुन्हा वळून बघू लागल्या. मी पुन्हा अलगद. तिसऱ्यांदा त्यांनी बोट उचललं तेव्हा मी गोदामाच्या दाराशी पोचलेलो होतो.

गोदामात एक डबाफाटका बत्तीस इंची होता. मी लावून दाखवला. पांढरं चित्र, बातम्यांची पट्टी, सगळं. पडदा स्वच्छ होता, ते मी आजही छाती ठोकून सांगेन. वर्षाताईंनी बघितलं, मग माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. मी इतका प्रसन्न दिसत होतो म्हणे की त्यांना नाही म्हणवेना. ‘टिकन न?’ एवढंच विचारलं. मी म्हणालो, ‘ताई, हा सौदा मी माझ्या बहिणीला देतो तसा देतोय.’

राहिला खोका. तो तर एका बाजूनं पार उघडा पडला होता. हा घेऊन सावरगावच्या गल्लीत शिरणं म्हणजे विमलकाकूंच्या हातात काठी देणं. आणि तेव्हा, वाचकहो, माझ्या अंगात तो राजा संचारला. कोपऱ्यात त्रेचाळीस इंची टीव्हीचा रिकामा खोका पडला होता. करकरीत, चकचकीत, वर मोठ्या अक्षरांत ‘४३’. मी तो ओढून आणला. आत थर्मोकोल, जुनी वर्तमानपत्रं, गोदामातलं एक कांबळं कोंबलं आणि मधे आमचा बत्तीस निजवला. चुकलो, उभा ठेवला. टीव्ही कधी निजवू नये.

वर्षाताई म्हणाल्या, ‘नको भाऊ, एवढा मोठा डबा कायले? लोक पाह्यतीन.’

मी म्हणालो, ‘पाहण्यासाठीच आहे.’ आणि खोका म्हणजे टीव्हीची वरात कशी असते यावर त्यांना एक भाषण दिलं. त्या सुतळी बोटाला गुंडाळत ऐकत राहिल्या. सभ्य माणसं असंच ऐकतात.

बसवायलाही मीच निघालो. एरवी ते काम फिटरचं. पण दिग्दर्शक प्रयोगाला हजर नको? रविवारी सकाळी ऑटोत खोका, तो मी धरलेला, मांडीवर ड्रिल मशीन. जाम नदीच्या पुलावरून आम्ही हळूहळू गेलो. मीच ऑटोवाल्याला हळू सांगितलं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत याच दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर गोटे मारतात, तेव्हा आम्ही शटर ओढून बसतो. त्या दिवशी मात्र सावरगावचा काठ मी जिंकल्यासारखा ओलांडला. गल्लीच्या तोंडाशी पोरांनी ‘४३’ मोठ्यानं वाचलं. ओट्यावर तूर निवडत बसलेल्या विमलकाकू उठून उभ्या राहिल्या.

‘केवढा आनला, वर्षे?’

वर्षाताई काही बोलायच्या आत मी खोक्यावर थाप मारून म्हणालो, ‘बघालच काकू. पडदा तर उघडू द्या.’

हे वाक्य मला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. ते नाटकात नव्हतंच. पण टाळी घ्यायची सवय वाईट. विमलकाकू तूर तशीच टाकून आमच्यामागे घरात शिरल्या आणि त्यांच्यामागे निम्मी गल्ली.

आत गेलो तर कोपऱ्यात पिशवी मांडीवर घेऊन यशोदाबाई बसलेल्या. बोरगावहून पहिल्याच गाडीनं आल्या होत्या, नुकत्याच. सुनेचा चेहरा उतरला. टीव्ही लागून मग सासूनं बघावा असा तिचा बेत होता. म्हातारीनं खोक्याकडे बघितलं, गल्लीकडे बघितलं, आणि काही न विचारता पाय जवळ घेऊन सगळ्यांना जागा करून दिली.

आता खोका उघडणं आलं. खोटं सांगत नाही, तेवढ्या वेळात मला पळून जावंसं वाटलं. सांगायचं, पाना विसरलो, आणि पूल ओलांडून जायचं. पण हात पुढे झाला होता. वरची पट्टी निघाली. थर्मोकोल निघाला. वर्तमानपत्रं निघाली, ती निघतच राहिली. मग कांबळं निघालं, त्यातून उंदरानं खाल्लेला तुकडा सुटून जमिनीवर पडला. एक पोरगं म्हणालं, ‘टीव्ही हाये न?’ आणि शेवटी, एवढ्या मोठ्या खोक्याच्या तळातून, मी आमचा बत्तीस दोन्ही हातांनी वर काढला. इतका लहान टीव्ही मी आयुष्यात बघितला नव्हता.

मग विमलकाकू बोलल्या. रागानं नाही, गोड आवाजात.

‘डबा भाड्यानं आनला काय, वर्षे?’

सगळे हसले. जे बरे होते ते तोंडावर पदर धरून हसले. जो एक शब्द निघू नये म्हणून ही बाई माझ्याकडे आली होती, तो मी स्वतः ऑटोत घालून, पुलावरून मिरवत आणून तिच्या घरात सोडला होता. वर्षाताईंनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या खाली बसून वर्तमानपत्रं गोळा करायला लागल्या. मी टीव्ही धरून तसाच उभा. ठेवायचा कुठं तेही सुचेना. मला माझी उंची आठवली.

तेवढ्यात यशोदाबाई उठल्या. पिशवी बाजूला ठेवली, खोक्यापाशी आल्या, आतून हात फिरवून पुठ्ठा दाबून बघितला आणि म्हणाल्या, ‘डबा म्या मांगतला होता.’

हसणं थांबलं.

‘बोरगावले जाताना सुनेले सांगून गेली होती. टीव्ही कोनताबी आन, डबा मोठा आन. गोधड्या ठेवाले काईच नाई घरात.’ मग भिंतीकडे मान वळवून म्हणाल्या, ‘अन् टीव्ही याच्याहून मोठा घेतला असता तं फोटो हलवा लागला असता. कोन हलवन? तू हलवतं काय, विमल?’

विमलकाकू फोटोकडे बघू लागल्या.

‘भाऊ, लावा तुमी.’ हे मला. आणि मी ड्रिल हातात घेतल्यावर त्या शेजारणीला म्हणाल्या, ‘बस विमल. आता सुरू होते. पाहून जाय. आमच्या इथं पाहुने आले तरी टीव्ही बंद नाई करत.’

विमलकाकू बसल्या. दुसरं काय करणार? गल्लीही बसली. मी भोकं पाडली, ब्रॅकेट बसवलं, टीव्ही टांगला, मागे बोटभर फट ठेवली. आणि तेव्हा मला दिसलं. फोटोच्या चौकटीपासून दाराच्या चौकटीपर्यंत जेवढी जागा होती, तेवढ्यात तो टीव्ही असा बसला की जणू त्याच्यासाठीच ती सोडली होती. ना एक बोट जास्त, ना कमी. खिळ्याला सुतळीचा तोच तुकडा लटकत होता. वर्षाताईंनी माप घेतलं होतं. खरं माप, खऱ्या भिंतीचं.

लोक गेल्यावर चहा झाला. मी बशीत बघत चहा पीत होतो, कारण दुसरीकडे बघायची सोय नव्हती. शेवटी मीच विचारलं, ‘ताई, तुम्ही मधल्या ओळीतला दाखवत होतात, तो घ्यायचा होता का?’

‘हो न भाऊ,’ त्या म्हणाल्या. ‘तेवढे पैसे ठेवलेच होते आमी. पन तुमी मले तिकडून हटवूनच राह्यले होते. वाटलं, त्या टीव्हीत काई खराबी असन.’

मी म्हणालो, ‘तुम्ही जागा लहान सांगितली, मला वाटलं...’ आणि थांबलो. कारण पुढचं वाक्य काय होतं? तुम्ही गरीब आहात असं मला वाटलं. आयुष्यभर जे न बोलण्याचा मी अभिमान धरला, ते वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. शब्द न उच्चारता मी ते त्या बाईच्या कपाळावर चिकटवून तिला गावातून मिरवलं होतं.

यशोदाबाई हसल्या. सकाळपासून पहिल्यांदाच. म्हणाल्या, ‘भाऊ, तुमी भिंत इचारता म्हंजे खिसा इचारता, हे पांढुर्न्यातल्या लेकराले ठाऊक हाये. लोकं घरूनच ठरवून येते, दिवाकरभाऊले भिंत केवढी सांगाची ते.’

‘म्हनून तं सुतळी आनली होती,’ वर्षाताई म्हणाल्या. ‘म्हटलं, आपली खरीच भिंत हाये. भाऊले उगाच घोळ नको.’

वर्षाताईंनी माझ्या बशीत आणखी चहा ओतला. इतकी वर्षं मी त्या सगळ्यांची लाज झाकत होतो. आणि ते सगळे, सौंसरपासून बोरगावपर्यंत, बत्तीस इंचीपासून त्रेचाळीस इंचीपर्यंत, माझी झाकत होते. घरून ठरवून यायचे. पाणी प्यायचे. मी आवाज खाली आणायचो, आणि ते आपापला पाठ केलेला संवाद म्हणायचे. मी एकटाच त्या नाटकाचा प्रेक्षक होतो.

‘मला कधी कुणी सांगितलं कसं नाही?’ मी विचारलं.

म्हातारी म्हणाली, ‘तुमाले वाईट वाटलं असतं न.’

मी उठलो. म्हणालो, हा काढून नेतो आणि मधल्या ओळीतला आणून लावतो, वरचे पैसे नकोत. यशोदाबाईंनी हात वर केला. ‘आता फुकट काई नोका देऊ भाऊ,’ त्या म्हणाल्या. ‘सकाळपासून लय झालं.’

टीव्ही तोच राहिला. चांगला चालतो, मी अधूनमधून विचारतो. खोका कपाटावर आहे आणि त्यात खरोखरच गोधड्या आहेत. म्हातारीनं शब्द खरा केला. विमलकाकू मालिका बघायला तिकडे जातात, असं ऐकतो. दाराशी बसतात की आत, ते विचारायची माझी छाती झाली नाही. त्या दिवशी ऑटोवाला थांबलेला होता, पण मी पूल चालत ओलांडला, ड्रिल पिशवीत घालून, कडेकडेनं.

तेव्हापासून मी युक्ती सोडली. कमरेला टेप बाळगतो. गिऱ्हाईक आलं की सरळ विचारतो, किती पैशात बसवायचा आहे? सुरुवातीला जीभ वळत नव्हती. आता वळते, पण गिऱ्हाइकांची पंचाईत होते. दिवाकरभाऊची तब्येत बरी नाही, असं त्यांना वाटतं.

परवाच एक शेतकरी जोडपं आलं. पाणी प्याले. मी विचारलं, ‘किती पैशात बघायचा?’ दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग तो माणूस मला समजावल्यासारखं म्हणाला, ‘भिंत लहान हाये, भाऊ.’

मी कमरेचा टेप काढला आणि विचारलं, भिंतीचं माप आणलं आहे का.

‘राहू द्या भाऊ,’ तो म्हणाला. ‘आमची नाई. तुमचीवाली भिंत.’